२१ आठवडे, बाळाचं आतडं पांढरं दिसतंय. रिपोर्टात काय लिहू? लवकर सांगा

निपाणी_सोनो: अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी) आतडं चमकतंय, बाकी ठीक. ‘इकोजेनिक बॉवेल’ लिहून पुढं पाठवू का? सासू-सून बाहेर बसल्यात, शेवटची बस गाठायची आहे.

खानापूर_रेडिओ: कशाइतकं चमकतंय ते सांगा की. कमरेच्या हाडाइतकं, की यकृतापेक्षा जरा जास्त? पोटावर फिरवायचा प्रोब किती मेगाहर्ट्झचा? हार्मोनिक (चित्र धारदार करणारी सेटिंग) चालू आहे? वरच्या फ्रिक्वेन्सीला साधं आतडंसुद्धा पांढरं दिसतं. हार्मोनिक बंद करा, ५ मेगाहर्ट्झ किंवा त्याखाली या आणि गेन (चित्राचा उजेड) हळूहळू उतरवा. यकृत आधी विझेल, हाड शेवटपर्यंत राहील. हाडासोबत आतडंही राहिलं तरच तो शब्द लिहा.

चिकोडी_ओबीजी: गेन कशाला बघत बसताय? सरळ अ‍ॅम्निओला (सुईनं गर्भजल काढून तपासणी) पाठवा. चमकतं आतडं डाउन सिंड्रोमचीही खूण असते, तो सुटला तर जबाबदार कोण?

खानापूर_रेडिओ: स्क्रीनिंग न विचारताच सुई? डबल मार्कर किंवा एनआयपीटी (आईच्या रक्ताच्या चाचण्या) कमी धोक्याची असेल आणि दुसरी खूण नसेल, तर डाउनसाठी अ‍ॅम्निओ लागत नाही.

अथणी_बालशल्य: डबल बबल (बाळाच्या पोटात शेजारी दोन फुगे, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात बंद असल्याची खूण) दिसला तर जठर आणि ड्युओडेनम एकमेकांना जोडलेले दाखवा, नाहीतर तिरप्या छेदात जठरच दोन फुग्यांसारखं दिसतं. बहुतेक २४ आठवड्यांनंतरच कळतो. जन्मल्यावर तोंडानं काही देऊ नका, नाकातून नळी घाला.

निपाणी_सोनो: डबल बबल नाहीच हो. हार्मोनिक चालू राहिलं होतं. बंद केलं, गेन उतरवला. सगळा पडदा काळा झाला, तरी हाडाशेजारी कापसाच्या बोंडासारखा पुंजका आहेच.

खानापूर_रेडिओ: मग खरं आहे. रक्तस्राव झाला होता? गर्भाच्या पाण्यात कण तरंगतात? वजन आणि डॉप्लर (रक्तप्रवाह)? लग्न नात्यात?

निपाणी_सोनो: १४व्या आठवड्यात चार दिवस डाग होता, सासूबाईंनी आत्ता सांगितलं. कण आहेत. वजन, डॉप्लर ठीक. डबल मार्कर कमी धोका. नवरा सख्खा मामा.

खानापूर_रेडिओ: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. बाळानं रक्तमिश्रित पाणी गिळलं असावं, तेच बहुधा कारण. पण मामा-भाचीचं लग्न म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस (आईबाप दोघांकडून बिघडलेलं जीन आलं तर होणारा आजार) सोडायचा नाही. दोघांची तपासणी करा, आणि पाश्चात्त्यांच्या नेहमीच्या म्युटेशनांचं छोटं पॅनेल नको, पूर्ण जीन बघा. आपल्याकडची बरीच म्युटेशनं त्यात नसतात. सीएमव्ही विषाणूसाठी आयजीजी-आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं) पाठवा. आयजीएम एकटं पॉझिटिव्ह आलं म्हणून ताजा संसर्ग लिहू नका, अ‍ॅव्हिडिटी (संसर्ग नवा की जुना ते सांगणारी चाचणी) मागवा. २८ आणि ३२ आठवड्यांना परत बोलवा. वाढ बघा, लहान आतड्याचा पोकळ भाग ७ मिलिमीटरपेक्षा रुंद का, पाण्याचा सर्वांत खोल कप्पा ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त का, ते मोजा.

चिकोडी_ओबीजी: तोवर २४ आठवडे उलटतील, मग काय?

खानापूर_रेडिओ: म्हणून रक्त आजच पाठवायचं. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंगासाठी २४ नंतरही वैद्यकीय मंडळाकडं जाता येतं. पण एवढ्या एका खुणेवरून गर्भपाताचं बोलणं काढू नका, घरचे हबकतात.

बेळगाव_समुपदेशन: अ‍ॅम्निओ करायची वेळ आली तर फॉर्म जी (संमतीपत्र) तिला समजेल त्या भाषेतच हवा. १९९४च्या गर्भलिंग-निदान कायद्याचं कलम ५ बघा.

चिकोडी_ओबीजी: आमच्याकडं कन्नडच छापलेत.

बेळगाव_समुपदेशन: मग मराठीत छापून घ्या, डॉक्टर. सही झाल्यावर प्रत तिच्या हातात द्यायची असते. वाचता येत नसेल त्या कागदावर सही घेतलीत, तर ती संमती कसली?

निपाणी_सोनो: रक्त घेतलं. ‘आतडं हाडाइतकं पांढरं, पाण्यात कण, बाकी रचना ठीक, २८ आठवड्यांना पुन्हा’ असं लिहिलंय. ‘इतर व्यंग नाही’ लिहू का?

खानापूर_रेडिओ: ‘आज दिसलं नाही’ लिहा.