‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं की रद्द करणं?

दांडियाबाजारकर, वडोदरा: मंडळाचं शनिवारचं गाणं पावसामुळे पुढच्या शनिवारी ठेवलंय. गुजराती सभासदही बरेच आहेत, म्हणून सूचना इंग्रजीत काढतोय: ‘द कॉन्सर्ट इज पुट ऑफ बाय रेन.’ एका सभासदांच्या मते हे वाचून लोक कार्यक्रम रद्द झाला समजतील. ‘कॉल ऑफ’ आणि ‘पुट ऑफ’ एकच का?

रावपुरा_शिकवणी: मुळीच नाही. कॉल ऑफ म्हणजे रद्द, विषय संपला. पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणं. कार्यक्रम होणार, फक्त नंतर. पण तुमच्या वाक्यात नवी तारीखच नाही, म्हणून शंका येते. ‘पुट ऑफ अंटिल’ लिहून पुढे वार आणि तारीख दोन्ही द्या. नुसतं ‘नेक्स्ट सॅटर्डे’ नको, त्यातून कुणी हा शनिवार घेतो, कुणी पुढचा.

दुसरी अडचण ‘बाय रेन’ची. पुट ऑफचा आणखी एक अर्थ आहे: मन उडणं, नकोसं होणं. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने माझी जेवणावरची वासनाच गेली. या अर्थात ‘बाय’ फार येतं, त्यामुळे वाचणारा क्षणभर अडखळतो. कारण सांगायला ‘ड्यू टू हेवी रेन’ लिहा.

मांडवी_वाचक: सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूकच. नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ किंवा ‘पुट ऑफ द मीटिंग’. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं: ‘डोन्ट पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. तिथे ‘टू गो’ नाही. आणि भूतकाळातही ‘पुट’च राहतं, ‘पुटेड’ असं रूप नाही.

दांडियाबाजारकर: मग ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणतो ते?

रावपुरा_शिकवणी: तेही इंग्रजीच, पण आता जुनं वाटतं. ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ म्हणा.

सूचनेत मी तर ‘पोस्टपोन्ड’च लिहीन. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं, त्यामुळे दुसरा अर्थ निघतच नाही. ‘द कॉन्सर्ट हॅज बीन पोस्टपोन्ड टू सॅटर्डे’, पुढे तारीख आणि वेळ, मग ‘ड्यू टू हेवी रेन’. तिकिटं विकली असतील तर खाली एक ओळ हवीच: ‘टिकेट्स ऑलरेडी बॉट रिमेन व्हॅलिड.’