स्वस्त, स्वच्छ आणि अखंड वीज : वीज कंपनीची जबाबदारी नेमकी कुठवर?

कृष्णाकाठ :
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत यंदा वीजबिलावरून बराच वाद झाला. सौर प्रकल्पांची वीज कंपनीला तीन रुपयांच्या आसपास पडते असे आपण वाचतो, मग घरगुती बिल का उतरत नाही, असा बहुतेकांचा सवाल होता. काहींच्या मते कंपनीने आता कोळशाची वीज घेणेच थांबवावे. एका सभासदांच्या आईंना घरी ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण वीज जाता कामा नये, असे ते कळकळीने सांगत होते. मला तिघांचेही म्हणणे पटले आणि म्हणूनच प्रश्न पडला. यांपैकी कोणती गोष्ट कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिन्ही एकाच वेळी साधत नसतील तर कशाला अग्रक्रम द्यायचा हे कोण ठरवते?

निवृत्त अभियंता :
कायद्याचे उत्तर थोडक्यात देतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्याला ठरावीक मुदतीत वीज देणे वितरण कंपनीला बंधनकारक आहे. कलम ५७ नुसार सेवेचे मानक पाळले गेले नाही तर ग्राहकाला भरपाई मिळते. दर कंपनी स्वतः ठरवत नाही. वीज नियामक आयोग जनसुनावणी घेऊन ते मंजूर करतो. एकूण विजेत नवीकरणीय विजेचा वाटा किती असावा याचेही बंधन आहे आणि २०२९-३० साठी केंद्राने ते ४३.३३ टक्के ठरवले आहे. म्हणजे तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम आयोगासमोर होते.

आता तीन रुपयांच्या विजेविषयी. दुपारी बारा वाजताचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट मीटरवर सारखेच दिसत असले, तरी कंपनीला ते सारख्या भावात पडत नाही. सूर्य मावळला की सौर वीज तासाभरात शून्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतले दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. ती गरज भागवायला औष्णिक, म्हणजे कोळशावरचे, संच लागतात. हे संच दुपारी बंद करून सहाला पुन्हा पेटवता येत नाहीत, कारण थंड झालेला बॉयलर तापायलाच कित्येक तास जातात. त्यामुळे सौर वीज मुबलक असतानाही त्यांना साधारण ५५ टक्के भारावर चालत ठेवावे लागते. शिवाय करार केलेल्या औष्णिक प्रकल्पाकडून वीज घेतली नाही तरी त्याचा स्थिर आकार द्यावाच लागतो. हा सारा खर्च आपल्या बिलात उतरतो.

म्हणून माझ्या मते कंपनीची खरी कसोटी संध्याकाळच्या चार-पाच तासांची आहे. कोयनेचे जलविद्युत संच काही मिनिटांत भार घेतात. महाराष्ट्राला लाभलेली ही फार मोठी सोय आहे. पण तिथून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे, म्हणून ते पाणी जपूनच वापरावे लागते. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. तिथे वीज शिल्लक असताना खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. चार युनिटे खर्ची घालून जेमतेम तीन परत मिळतात, तरीही दुपारची शिल्लक वीज वाया घालवून संध्याकाळी महागडी वीज विकत घेण्यापेक्षा हे परवडते. असे प्रकल्प उभे राहायला वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे आज सौर उद्यानाच्या करारावर सही करणाऱ्या कंपनीने साठवणुकीची तजवीजही त्याच बैठकीत केली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

स्वस्ताईचे गणितही बरेचसे करार होतो त्या दिवशीच ठरते. एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आठवून पाहावा. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, इंधन नाफ्था आणि दर डॉलरशी बांधलेला. वीज इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले. चूक यंत्रात नव्हती, कागदात होती.

जुन्नरकर :
अभियंता साहेबांच्या संध्याकाळच्या मुद्द्याला शेतीची बाजू जोडतो. आमच्याकडे कृषिपंपांना तीन फेज वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायचे म्हणजे एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बिबट्याच्या वाटेवरून विहिरीवर जायचे. वाहिनीच्या टोकाला दाब इतका पडे की मोटर नुसती घुरघुरत राही, आणि कॉइल जळाली की रिवाइंडिंगचा खर्च आमच्याच माथी. वायरमनकडे तक्रार केली की डीपीवर (रोहित्रावर) भार जास्त आहे, एवढेच उत्तर मिळे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज दिली जाते. जिथे हे नीट झाले आहे तिथे पंप उन्हाच्या वेळी चालतो, शेतकरी रात्री घरी झोपतो आणि दुपारची वीज बॅटरीत न साठवता थेट वापरली जाते. आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात, त्यामुळे त्या नेहमी एकमेकींच्या आड येतात असे मानू नये.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते. कलम ६५ प्रमाणे सवलतीची रक्कम शासनाने कंपनीला आगाऊ द्यायची असते. ती वेळेवर मिळाली नाही तर पहिली कात्री दुरुस्तीला लागते आणि जळालेले रोहित्र ऐन हंगामात पडून राहते. फुकट विजेपेक्षा आम्हाला पुऱ्या दाबाची आणि दिवसाची वीज हवी आहे.

चंद्रपूरवासी :
या चर्चेत आमच्या शहराची बाजू यायला हवी. २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आमच्या उशाशी आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० टक्क्यांहून अधिक असते, म्हणजे जळालेल्या दर तीन टनांमागे सुमारे एक टन राख इथेच उरते. सकाळी गच्चीवरचे कपडे काढताना ती बोटांना लागते. गंधकाच्या उत्सर्जनाचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये ठरले, त्यानंतर मुदती पुन्हा पुन्हा वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवली असती तर वीज थोडी महागली असती, हे खरे आहे. पण आज जी वीज स्वस्त म्हणवली जाते, तिच्या किमतीचा एक भाग आमच्या दवाखान्याच्या बिलात जमा होतो. उद्या जुने संच बंद करताना इथल्या कंत्राटी कामगारांचे काय, याचे उत्तरही कंपनीने संच बंद होण्यापूर्वी दिले पाहिजे.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. चंद्रपूरची बाजू आमच्या सभेत कुणाच्याच बोलण्यात आली नव्हती. आता आमच्यासारख्या सामान्य ग्राहकांनी हे कुठे मांडावे?

निवृत्त अभियंता :
दरवाढीची याचिका दाखल झाली की आयोग सूचना आणि हरकती मागवतो. तिथे कोणताही ग्राहक लेखी म्हणणे देऊ शकतो आणि सुनावणीत बोलू शकतो. संस्थेच्या वतीने दोन प्रश्न अवश्य विचारा : वीज न घेता किती स्थिर आकार भरला, आणि पुढील पाच वर्षांच्या संध्याकाळच्या मागणीसाठी किती साठवण क्षमता करारबद्ध केली. वैयक्तिक तक्रार असेल तर आधी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल, असा मार्ग कलम ४२ मध्ये आहे.

आपल्या सभासदांच्या आईंसाठी मात्र घरात इन्व्हर्टर आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आजच ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, शहर वेगळे काढून वाचवणारी आयलँडिंगची यंत्रणाही उपयोगी पडली नाही आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. सेवेत कसूर झाल्यास भरपाईचा हक्क आहेच, परंतु ती पुढच्या एखाद्या बिलात मिळते आणि ऑक्सिजन त्याच क्षणी लागतो.