मदत हवी आहे: एक्सआरडीपीत पासवर्ड घेतो, पण पडदा काळाच

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची यादी संगणकावर चढवतोय, मराठी आणि कन्नड पुस्तकं एकाच यादीत. जुन्या डेस्कटॉपलाच सर्व्हर केलंय: उबुंटू २२.०४, ४ जीबी रॅम. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. ग्रंथपाल काकूंचा फोन येतो, "अरे, इथं काहीतरी चौकट आली बघ." ती चौकट मला दिसल्याशिवाय काय सांगणार? बसनं जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि जुलैतला खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच.

म्हणून दुरून त्या मशीनचा डेस्कटॉप उघडता यावा यासाठी एक्सआरडीपी बसवलं. हलकं डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई टाकलं, आणि जोडल्यावर तेच सुरू व्हावं म्हणून होम फोल्डरमधल्या डॉट-एक्ससेशन फाइलीत एक्सएफसीई-सेशनची ओळ लिहिली. तिथल्या इंटरनेटला बाहेरून थेट गाठता येईल असा सार्वजनिक आयपी पत्ता नाही, त्यामुळे टेलस्केल या खासगी नेटवर्कवरून जोडतो. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेर उघडलेला नाही. पासवर्ड घेतो, मग पडदा काळा, आणि थोड्या वेळात कनेक्शन तुटतं. रात्री वाचनालय बंद असताना मात्र व्यवस्थित चालतं! दोन आठवडे यातच गेले. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

रात्री चालतं, यातच उत्तर आहे. दिवसा काकू त्याच नावानं लॉगिन असतात. एक्सआरडीपी स्वतःचं वेगळं सेशन उघडतं, एकाच युजरची दोन डेस्कटॉप भांडतात. वेगळा युजर केलात तर काळा पडदा जाईल, पण काकूंची चौकट तरीही दिसणार नाही. तुम्हाला त्यांचंच सेशन हवंय. एक्सआरडीपी आधी बंद करा, कारण त्याला आणि उबुंटूच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपला, दोघांनाही ३३८९ च लागतो. मग काकूंच्या लॉगिनमध्ये सेटिंग्ज, शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप चालू करा. स्क्रीन लॉक झाली तर जोडता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. काकूंना फोनवर सांगून चालू केलं आणि चौकट दिसली! पण दुपारी लाइट गेली, मशीन परत सुरू झालं, तेव्हापासून पासवर्डच घेत नाही. ऑटो-लॉगिन ठेवलंय.

प्रतिसाद १

ऑटो-लॉगिन काढा. त्यात किरिंग, म्हणजे पासवर्डांची तिजोरी, उघडत नाही, आणि रिमोटचा पासवर्ड तिथंच असतो. लाइट आली की काकूंनी एकदा हातानं पासवर्ड टाकायचा. शक्य झालं तर छोटा यूपीएस घ्या.