अननस दह्यात घातला की कडू का होतो? आणि उरलेल्याचं काय करू?

आंबटगोड
काल अननसाच्या फोडी सकाळीच दह्यात कालवून ठेवल्या, दुपारी पाहुण्यांना वाढायच्या म्हणून. जेवायच्या वेळी चाखून बघितलं तर दही पातळ झालेलं आणि चव चक्क कडू. दही ताजं होतं, अननसही नुसता खाल्ला तर छान गोड. सगळं टाकावं लागलं, फार जिवावर आलं. अर्धा अननस अजून फ्रीजमध्ये आहे, त्याचं काय करू? बाबांना मधुमेह आहे, त्यांना द्यावा का? आणि दोन-चार फोडी खाल्ल्या की माझी जीभ चरचरते, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.

मंदआच
दोष दह्याचा नाही आणि तुमचाही नाही. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे झाले की ते कडू लागतात आणि दह्याची घट्ट वीण सुटते. फ्रीजमध्ये ठेवलं तर हे काम मंदावतं, पण थांबत नाही. उष्णतेने मात्र एन्झाइम निकामी होतं.

म्हणून फोडी आधी शिजवून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात फोडी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ. पाणी अजिबात घालू नका. मंद आचेवर ठेवलं की पाचेक मिनिटांत अननसाचंच इतकं पाणी सुटतं की फोडी त्यात बुडतात. तेव्हा घाबरून आच वाढवायची नाही. हळूहळू रस आटतो, दाट होतो, फोडींच्या कडा काचेसारख्या दिसायला लागतात. एक फोड चमच्याने दाबून बघा, मध्ये करकरीत लागली नाही की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावरच दह्यात घाला. दुसऱ्या दिवशीसुद्धा कडू होत नाही. घाईच असेल तर डब्यातला अननस चालतो, तो डबाबंद करताना तापवलेला असतो.

आणि कच्चाच हवा असेल तर अगदी ताटात वाढताना मिसळा, लगेच खा.

पाकातली_फोड
मंदआच यांना पूर्ण अनुमोदन. माझी जेली याच कारणाने तीनदा फसली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही वाटीत नुसतं सरबत! जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे कच्चा अननस ते घट्ट होऊच देत नाही. अगर-अगर घेतलंत तर ही अडचण येत नाही, ते समुद्री शेवाळापासून काढतात आणि त्यात प्रथिनांवर भिस्त नसते. जॅम करणार असाल तर लिंबू पिळा. अननसात पेक्टिन कमी असतं, नुसत्या साखरेवर तो लवकर धरत नाही.

चुलीपाशी
हेच एन्झाइम मांस मऊ करायला उपयोगी पडतं. दोन चमचे ताजा रस मसाल्यात मिसळून मांसाला चोळा, पण अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका. मी एकदा रात्रभर ठेवलं होतं. सकाळी तुकड्यांचा वरचा थर बोटाने पुसला जात होता, पिठासारखा. पनीरलाही हाच नियम लावा.

जीभ चरचरते त्याचंही एक कारण ब्रोमेलेनच, शिवाय फळातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक आणि आंबटपणा. साल काढल्यावर डोळे नीट कोरून काढा. ते तिरप्या रांगेत असतात, रांगेच्या दोन्ही बाजूंनी तिरपा काप दिला की अख्खी रांग खाचेसारखी निघून येते, गरही वाया जात नाही. मग फोडी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळा. खूप फरक पडतो. पण ओठ सुजले किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा खाणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आंबटगोड
सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांबद्दल कुणी सांगेल का? त्यांना कुणीतरी सांगितलंय की अननसाने चरबी वितळते, म्हणून ते रोज ग्लासभर रस प्यायचा म्हणताहेत.

हिरवा_शेंडा
रस नको, हे आधी. शंभर ग्रॅम अननसात साखर साधारण १० ग्रॅम आणि उष्मांक ५०च्या आसपास. एका ग्लासात दोन-अडीचशे ग्रॅम फळाची साखर सहज जाते आणि चोथा गाळणीत राहतो. त्यापेक्षा जेवणासोबत चार-पाच फोडी चावून खाऊ देत. दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे त्यांच्या शरीराला किती झेपतो ते कळेल. नेमकं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डब्यातला आणलात तर पाकातला नको.

चरबी वितळते हे खरं नाही. ब्रोमेलेन प्रथिनांवर काम करतं, अंगावरच्या चरबीशी त्याचा संबंध नाही. अशा भरवशावर माणसं औषधं टाळतात, म्हणून हे कळकळीने लिहितेय. अननसाचे खरे गुण काही कमी नाहीत. शंभर ग्रॅममध्ये ४५-५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. मँगनीजही भरपूर. शिजवल्यावर क जीवनसत्त्व काहीसं कमी होतं, त्यामुळे बाबांना कच्च्याच फोडी द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ब्रोमेलेनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी रिकाम्या पोटी अननस टाळलेला बरा.

चुलीपाशी
पुढच्या वेळी घेताना बुडाशी वास घेऊन बघा. तोडल्यावर अननसाची गोडी वाढत नाही, घरी ठेवून तो फक्त मऊ होतो. बुडाकडचा भाग जास्त गोड असतो, त्या फोडी कच्च्या खायला ठेवा आणि शेंड्याकडच्या शिजवायला घ्या.

आंबटगोड
काल रात्री शेंड्याकडच्या फोडी शिजवून दह्यात घातल्या. आज सकाळी डबा उघडला तर दही घट्ट, कडवटपणा अजिबात नाही! बुडाकडच्या पाच फोडी मिठाच्या पाण्यातून काढून बाबांना जेवताना दिल्या. मधला दांडा मात्र तसाच पडलाय. तो शिजतो का?

मंदआच
शिजतो, पण चिवट राहतो. किसून जॅममध्ये घाला, किंवा तुकडे करून पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात टाका. तासाभरात पाण्याला सुरेख वास येतो.