'गुणग्राही चौकशी' म्हणावं का?

कृष्णाकाठ: तासगाव भागातल्या एका दूध संस्थेच्या बैठकीसाठी 'अप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी'चं, म्हणजे संस्थेत काय चांगलं चालतं ते शोधून त्यावर पुढची बांधणी करायच्या पद्धतीचं, टिपण मराठीत करायचंय. मसुद्यात 'गुणग्राही चौकशी' लिहिलंय. चालेल? 'डेस्टिनी' (तिचा चौथा टप्पा) आणि 'पॉझिटिव्ह डीव्हियन्स' (तेवढ्याच साधनांत इतरांपेक्षा बरं जमवणं) यांनाही शब्द सुचवा.

माणदेशी: 'चौकशी' आधी काढा. आपल्याकडे संस्थेला चौकशी 'लागते'. नोटिशीवर तो शब्द दिसला की सचिव दप्तराला कुलूप घालेल. 'गुणग्राही शोध' बरा. ही पद्धत मांडणाऱ्या डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ च्या लेखात मुळात हेच खोडलं होतं, की संस्था म्हणजे सोडवायची एक अडचण.

मिरज जंक्शन: 'कौतुक'ही टाळा, त्यानं सत्कार समारंभ होतो. 'आपली संस्था चांगली का?' विचारलं तर भाषण मिळतं. 'संकलन वेळेत आटोपलं, एकही कॅन नासला नाही असा एखादा दिवस आठवा. त्या दिवशी कोणी काय केलं?' असं विचारलं तर माहिती मिळते. दोघादोघांच्या जोड्या करा, प्रत्येकाला २० मिनिटं द्या आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपून घ्या. सचिव आणि फॅट काढणारा पोरगा एका जोडीत बसवू नका, तो पोरगा तोंड उघडणार नाही.

माणदेशी: तक्रारही दाबू नका. 'फॅट कमी लावतात' असं कोणी म्हणालं तर लिहून घ्या आणि विचारा, 'काय केलं तर भरवसा बसेल?' 'माझ्यासमोर मशीन लावा' हे उत्तर आलं, तर आराखड्याला माल मिळाला. या पद्धतीचे अभ्यासक जर्वास बुश यांचंही म्हणणं हेच: नुसतं गोड बोलून भागत नाही, नवी कल्पना निघायला हवी.

शब्दवेडी, सातारा: पद्धतीच्या चार टप्प्यांपैकी शोध, स्वप्न, आराखडा इथवर सरळ आहे. चौथ्या टप्प्याला, 'डेस्टिनी'ला, 'नियती' म्हणू नका. कपाळी लिहिलेलंच होणार असेल तर बैठक कशाला? त्याचं आधीचं नाव 'डिलिव्हरी', ते आपल्याकडे दवाखान्यात जातं. 'तडीस नेणे' लिहा. 'प्रोव्होकेटिव्ह प्रपोझिशन'ला, म्हणजे हवी तशी संस्था जणू आजच आहे असं सांगणाऱ्या वाक्याला, 'प्रक्षोभक विधान' म्हणणं हे पोलीस ठाण्याचं मराठी; 'धाडसी विधान' पुरे. पण ते वर्तमानकाळातच हवं: 'प्रत्येक उत्पादकासमोर फॅट मोजली जाते.' 'जाईल' लिहिलं की निवडणुकीचा जाहीरनामा होतो.

मिरज जंक्शन: 'पॉझिटिव्ह डीव्हियन्स'ला 'सकारात्मक विचलन' संख्याशास्त्रात शोभेल, बैठकीत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेसाठी काम करणाऱ्या जेरी आणि मोनीक स्टर्निन यांना कुपोषित गावांत काही गरीब घरची मुलं धडधाकट दिसली. त्यांच्या आया खाचरातले बारके खेकडे, कोळंबी आणि रताळ्याचा पाला जेवणात घालत आणि मुलांना दिवसातून जास्त वेळा भरवत. बाकीच्या घरांनाही हे सगळं फुकट मिळण्यासारखं होतं. म्हणून 'सरस अपवाद' म्हणा आणि व्याख्येत 'तेवढ्याच साधनांत' हे शब्द ठेवाच. ते गाळलं तर कोणीतरी सत्तर म्हशींचा गोठेवाला उदाहरण म्हणून आणून उभा करेल.

कृष्णाकाठ: आणि 'स्ट्रेंथ'? बलस्थान की जमेची बाजू?

शब्दवेडी, सातारा: जमेची बाजू. उत्पादकाला दर दहा दिवसांनी बिल मिळतं, त्याला जमा लगेच कळते. बलस्थान तालमीसाठी राहू द्या.