थ्रिलरच्या ओपनिंगचा स्टोरीबोर्ड आधी पूर्ण काढायचा की बागेत उतरल्यावर ठरवायचं?

गिरणाकाठ
आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, जळगावला शिकतो, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी एका थ्रिलरचं फक्त ओपनिंग करायचंय, दोन मिनिटं, म्हणजे मोजून १२० सेकंद. आणि स्टोरीबोर्डवरून, म्हणजे प्रत्येक शॉटचं चित्र आधी चौकटीत काढून ठेवतात त्यावरून, आठ दिवस झाले आमच्यात वाद चाललाय म्हणून इथे मांडतेय.

आधी गोष्ट सांगते. केळीची बाग, मध्यरात्र. रात्रपाळीची लाईट आली म्हणून एक माणूस मोटार चालू करायला येतो. स्टार्टरच्या पेटीवर तीन फेजचे, म्हणजे विजेच्या तीन तारांचे, तीन दिवे, लाल पिवळा निळा, तिन्ही पेटलेले. त्याचा अंगठा हिरव्या बटणाकडे जातो आणि तेवढ्यात पिवळा विझतो. दोन फेजवर मोटार जळते हे त्याला माहीत आहे, म्हणून तो बॅटरी घेऊन बागेतून डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीकडे, चालत जातो. तिथे डीपीचं झाकण उघडं, आणि एक किटकॅट, म्हणजे फ्यूज, कोणीतरी काढून पेटीच्या वर नीट ठेवलेलं. उडालेलं नाही, जळलेलं नाही, हाताने काढून ठेवलेलं. तिथे टायटल येतं. एकही डायलॉग नाही.

मी २२ चौकटी काढल्या. चित्रकला मला येत नाही, काड्यांची माणसंच आहेत, पण प्रत्येक चौकटीखाली सेकंद लिहिलेत, आवाज लिहिलाय, कॅमेरा फिरणार असेल तर बाण काढलाय. ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं की हा सगळा मार्कांपुरता कागद आहे, शूटिंग बागेत गेल्यावरच सुचतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण सांगते. बोर्ड मी माझ्या रूममेटला दाखवला, ती पुण्याची, शेताशी संबंध नाही. पाचव्या चौकटीला, पिवळा दिवा विझतो तिथे, तिने विचारलं, "दिवा विझला तर काय झालं? बल्ब गेला असेल." आमच्या पाचही जणांच्या घरी शेती, आम्हाला कोणाला हे सुचलंच नव्हतं. तिला धोका कळलाच नाही म्हणजे पुढची दीड मिनिटं वाया! मग सहावी चौकट नवीन घातली: तो बटण दाबतो, मोटार उचलत नाही, नुसती हूंऽऽ करून घुमते, तो झटक्यात हात काढून लाल बटण दाबतो. चार सेकंद. आता शेत न पाहिलेल्या माणसालाही कळतं की काहीतरी बिघडलंय आणि याला ते कळलंय. ही चूक शूटिंगनंतर एडिटिंगला कळली असती तर पुन्हा रात्री बागेत जावं लागलं असतं, आणि दुसरी रात्र आमच्याकडे नाहीये.

भुसावळ आउटर
ताई गोष्ट जबरदस्त आहे, ते किटकॅट वर ठेवलेलं वाचूनच अंगावर काटा आला. पण बोर्डाबद्दल तुमच्या त्या दोघांच्या बाजूने आहे मी. सहा वर्षं लग्नाची शूटिंग करतोय आणि मधे मधे शॉर्टफिल्मला कॅमेरा धरतो, त्या अनुभवावरून सांगतो.

ही बोर्डाची पद्धत आली कुठून तर कार्टूनमधून, १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत भिंतीवर चित्रं ओळीने टाचून गोष्ट बघायचे. कार्टूनमध्ये ते बरोबरच आहे, काढल्याशिवाय तिथे काही अस्तित्वातच नसतं. तुमची बाग मात्र आधीपासून उभी आहे ना? तिथे काय आहे ते बघायचं सोडून तुम्ही खोलीत बसून ठरवलेलं तिच्यावर लादणार. एक विचारतो, तुमच्या बोर्डात तो माणूस चालतो तेव्हा कॅमेरा किती लांब आहे?

गिरणाकाठ
१४ ते १७ या चार चौकटी चालण्याच्या आहेत. १४ मध्ये पूर्ण माणूस, डोक्यावर आकाश, दोन्ही बाजूला केळी.

भुसावळ आउटर
तेच म्हणतोय. मागच्या वर्षी सावद्याजवळ एका बागेत उतरलो होतो, कांदेबाग होती, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी लावलेली केळी, घडावर आलेली. दोन ओळींत पाच-साडेपाच फूट. पूर्ण माणूस घ्यायला ट्रायपॉड मागे न्यावा तर मागे केळीचं खोड, बाजूला सरकावा तर पान लेन्सवर येतं, वर बघितलं तर पानांत पान गुंतलेलं, आकाश नाहीच. कागदावर ठरवलेले आठ शॉट घेऊन गेलेलो, त्यातले दोन झाले. पण मग कॅमेरा कमरेखाली आणला तर काय दिसलं, खोडं एकामागे एक उभी, त्यांच्यामधून फक्त पाय आणि बॅटरीचा उजेड जातोय, खाली वाळलेली पानं चरचर वाजताहेत. तो त्या फिल्ममधला सगळ्यात भारी शॉट झाला आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. तुमच्या १४ नंबरचं आकाश तुम्हाला सापडणार नाही हे मी लिहून देतो.

कांदेबाग
शूटिंगमधलं मला कळत नाही पण बाग आणि मोटार कळते, रावेर तालुका.

१) दोन फेजवर मोटार घुमते, उचलत नाही, हे एकदम बरोबर लिहिलंय. जास्त वेळ दाबून ठेवलं तर वाइंडिंग जळतं, रिवाइंडिंगचा खर्च आणि बागेचं पाणी दोन्ही जातं, म्हणून तो झटक्यात हात काढतो तेही खरं.

२) पण आता बहुतेकांनी ऑटो लावलाय, लाईट आली की मोटार आपोआप चालू, फेज गेला की बंद. कोणी मोबाईलवरून चालू करतं. मग तो मध्यरात्री येतोच कशाला? त्यापेक्षा ठिबकचा व्हॉल्व फिरवायला आला असं करा, त्याला अजून माणूस लागतोच. नाहीतर जुनी पेटी दाखवा.

३) एका डीपीवर एकाच शेतकऱ्याची मोटार नसते. फेज गेला तर सगळ्यांचाच जाईल. बाकीचे का नाही आले?

४) हे सगळ्यात महत्त्वाचं. खऱ्या डीपीजवळ शूटिंगसाठी जाऊ नका, झाकणाला हात लावू नका, फेज बंद आहे असं कोणी सांगितलं तरी नाही. ओल्या बागेत, रात्री, पोरं जातात दादा अशाने. प्लायवूडची खोटी पेटी करा. आणि रात्री आत जाताना बागमालक सोबत असू द्या, साप तर असतातच, आमच्या भागात बिबट्याही फिरतो.

गिरणाकाठ
दादा, चौथा मुद्दा आजच ग्रुपवर टाकला, खोटी पेटीच करतोय.

तिसऱ्या मुद्द्याने मात्र झोप उडाली माझी, आणि मला वाटतं त्याचं उत्तर गोष्टीतच आहे: बाकीचे ऑटोच्या भरवशावर घरी झोपलेत, हा एकटाच उठून येतो आणि कोणाला तरी ते माहीत आहे. म्हणजे सुरुवातीला एक चौकट हवी, अंधारात लांब लांब दोन-तीन झोपड्या बंद, त्यांच्या मोटारींचा आवाज चालू, आणि पिवळा दिवा विझतो तेव्हा ते लांबचे आवाजही एकेक करून थांबतात. नुसता आवाज! खर्च शून्य.

भुसावळ दादा, बघा, हे बोर्ड मांडला म्हणूनच निघालं ना? तुम्ही कमरेखालचा शॉट सांगितला तो मी आत्ताच १४ नंबरला काढला, आकाश खोडलं. खोडता आलं कारण आधी काढलेलं होतं.

धुळ्याचा रंगमंच
ताई, तुन्हं म्हननं माले पटत नही. आता मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. तुम्ही सगळे कॅमेऱ्याचं बोलताय, त्या माणसाचं कोणीच बोलत नाहीये. मी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं काम केलंय. नटाला तुम्ही सांगितलं की चार सेकंदात बटण दाब, घुमू दे, हात काढ, मान उजवीकडे, तर तो मान उजवीकडे करेल आणि भीती राहून जाईल. एका शॉर्टफिल्मला मला असंच कागद दाखवून उभं केलं होतं, दिग्दर्शक पूर्ण वेळ कागदात बघत होता, माझ्याकडे एकदाही नाही. माझा पाय खरंच चिखलात रुतला, मी दचकलो, ते इतकं खरं होतं, आणि तो म्हणाला कट, हे बोर्डात नाही. मला आजही वाईट वाटतं त्याचं.

गिरणाकाठ
दादा हे वाचून मला पण वाईट वाटलं. तो दचकलेला शॉट मी ठेवला असता. पण ही चूक कागदाची की त्या माणसाची? सत्यजित राय यांचं बघा, पथेर पांचाली, १९५५. नेहमीसारखी लिहिलेली पटकथा नव्हती, चित्रांची वही आणि टिपणं होती. बहुतेक मंडळी नवीन, पैसा नाही, शूटिंग खऱ्या गावात. तरी त्या फिल्ममधली माणसं कागदी वाटतात का कोणाला?

भुसावळ आउटर
राय चित्रकार होते ताई, जाहिरात कंपनीत तेच काम करायचे, त्यांचा हात आणि आपला हात सारखा नाही. आणि त्याच फिल्मची दुसरी गोष्ट सांगा की. काशफुलांच्या शेतात एक दिवस शूटिंग केलं, पुढच्या आठवड्यात उरलेलं करायला गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली, मग पुढच्या मोसमापर्यंत थांबले. जागा आपल्या वहीची वाट बघत नाही. तुम्ही पंधरा दिवस चौकटी घासत बसलात आणि व्यापाऱ्याने घड कापून नेले तर?

कांदेबाग
हे खरंय. भाव आला की दोन दिवसांत बाग रिकामी होते, आणि घड गेल्यावर ती बाग वेगळीच दिसते. मालकाला कापणीची तारीख आधी विचारून घ्या.

चाळीसगावकर
वयाने मोठा आहे म्हणून थोडं लांबण लावतो. आमच्या गावात कलामहर्षी केकी मूस होऊन गेले, १९८९ साली वारले. वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत, आणि तरी त्यांच्या फोटोंत निसर्ग दिसतो, कारण ते घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा पाडून फोटो काढायचे. टेबलटॉप फोटोग्राफी. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, स्टेशनपासून जवळच, तुम्ही पाचही जण एकदा येऊन बघाच.

हे का सांगतोय, तर तुमचा वाद मला निम्माच खरा वाटतो. किटकॅटचा क्लोजअप बागेत घ्यायची गरजच काय? तो घरी टेबलावर घ्या, खोटी पेटी, त्यावर किटकॅट, मागे काळं कापड, बाजूला केळीचं एक पान. दिवसभर घ्या, हवा तसा येईपर्यंत. पण मग बागेतला शेवटचा शॉट आणि टेबलावरचा पहिला शॉट जोडताना बॅटरीचा उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, नाहीतर शेंबडं पोरगंही ओळखेल की जागा बदलली. त्याला बोर्ड लागतो, आणि काड्यांची माणसं चालतात, उजेडाचा बाण तेवढा हवा.

भुसावळ आउटर
काका हे मान्य. जोड असेल तिथे ठरवूनच ठेवावं लागतं. लग्नात अल्बमसाठी नवरा-नवरी वेगवेगळे घेतो तेव्हा आम्ही पण उजेडाची बाजू लक्षात ठेवतो, लिहीत नाही एवढंच. आणि चालण्याची दिशा पण. केळीत सगळीकडे सारखंच दिसतं, माणूस डावीकडून उजवीकडे चाललाय आणि पुढच्या शॉटला उलटा चालला की बघणाऱ्याला वाटतं परत निघाला.

पण म्हणून चालण्याच्या चौकटी आधीच बांधून टाकायच्या हे मला अजून पटलेलं नाही. तिथेच तर बाग बोलते.

गिरणाकाठ
मग वेळेचं काय ते सांगा. खऱ्या मध्यरात्री आमच्या कॅमेऱ्यात नुसते दाणे येतात, म्हणून चालण्याचे शॉट सूर्य बुडाल्यावर निळसर उजेड असतो त्यात घ्यायचं ठरलंय, पानांखाली तो आणखी कमी. वीस-पंचवीस मिनिटं मिळतील. एवढ्या वेळात पाच जण "आता काय करू" म्हणत उभे राहिले तर? हिचकॉकच्या सायकोमधला न्हाणीघरातला सीन, १९६०, सॉल बास या डिझायनरने त्याचे बोर्ड काढले होते, आणि तरी त्या साधारण तीन मिनिटांच्या सीनला आठवडाभर शूटिंग लागलं. आमच्याकडे एक संध्याकाळ आहे. ज्याच्याकडे वेळ कमी त्यालाच कागद जास्त लागतो असं मला वाटतं, आणि मला ती संध्याकाळ खरंच वाया घालवायची नाहीये, मालकाने एवढ्या विश्वासाने बाग दिलीय.

धुळ्याचा रंगमंच
मग एक करा, आदल्या दिवशी नटाला त्याच वेळेला बागेत नुसतं चालवा. कॅमेरा नाही, काही नाही. तो कुठे थांबतो, कुठे मागे वळून बघतो ते बघा आणि मग चित्र काढा. तुमचं चित्र त्याच्या मागून येऊ द्या. असं असेल तर माझी तक्रार नाही.

गिरणाकाठ
हे करतेच. उद्या चार वाजता जातोय, पाचही जण, कोऱ्या चौकटी छापून घेतल्यात, प्रत्येकाने आपापल्या काढायच्या. ज्याचा हात चांगला त्याचंच म्हणणं चालतं असं आमच्यात होत होतं, तेही बंद होईल.

भुसावळ आउटर
उद्या मी मोकळा आहे, जळगावला येतो, लेन्स पण आणतो. फक्त १४ ते १७ कोऱ्या ठेवा माझ्यासाठी.

गिरणाकाठ
या ना दादा, नक्की या. १४ ते १६ कोऱ्या ठेवते. १७ मध्ये बॅटरी उजव्या हातात आणि तो डावीकडून उजवीकडे, १८ टेबलावर त्यालाच जोडायचाय. एवढं धरून ठेवा, बाकी तुमचं.