मदत हवी आहे: आईबाबांसोबत बघायला पुढचा मराठी सिनेमा कोणता?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आईबाबांकडे रविवारची जेवणं उरकली की आम्ही घरीच एखादा मराठी सिनेमा लावतो. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सबटायटल्स लागतातच.

नुकताच ‘कासव’ पाहिला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर जोडीचा, २०१६ चा सुवर्णकमळ (सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार) विजेता. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नैराश्याने खचलेल्या मुलाला इरावती हर्षेची जानकी सावरते, पण प्रश्नांचा भडिमार न करता. त्या मुलाच्या भूमिकेतला आलोक राजवाडे बराच वेळ गप्प असतो, तरी सगळं पोचतं. सिनेमा संपल्यावर आई कितीतरी वेळ त्याच्याबद्दलच बोलत होती.

त्याआधी ‘कोर्ट’. माझे पाचपैकी पाच! कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, तारखांवर तारखा पडत राहतात आणि बघताना जीव गुदमरतो. बाबांनी मात्र दोनच दिले, “फार रेंगाळतो” म्हणाले. ‘श्वास’ दोघांनी आधीच पाहिलाय.

तर ‘कासव’सारखा माणसांबद्दल माया असलेला, पण जरा वेग असलेला सिनेमा सुचवा ना. किती गुण देता आणि का, तेही लिहा. नुसत्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. सबटायटल्ससह कुठे मिळेल हे माहीत असेल तर आवर्जून सांगा, आमचं घोडं तिथेच अडतं.